इतिहासकाराच्या हाती आलेला देश

प्रस्तावना

३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश स्वतंत्र झाला आणि त्याच मुहूर्तावर त्या देशाचा इतिहास पुस्तकरूपाने लोकांच्या हाती आला. तो लिहिला होता खुद्द पंतप्रधानांनी, राज्यकारभार सांभाळून, जेमतेम महिनाभरात. स्वातंत्र्याच्या तोंडावर नेत्याच्या टेबलावर काय काय साचलेले असते याची कल्पना करता येते. घटनेचे मसुदे, विरोधकांशी चाललेल्या वाटाघाटी, समारंभाची तयारी. या सगळ्या धबडग्यात एरिक विल्यम्स यांना वाटले की आपल्या लोकांना आधी त्यांचा इतिहास मिळाला पाहिजे. गुलामांच्या आणि करारबद्ध मजुरांच्या वंशजांना आपण इथे कसे आलो हे नीट कळले, तर त्यातून एक राष्ट्र उभे राहील अशी त्यांची धारणा होती. ही धारणा कितपत खरी ठरली आणि कुठे तोकडी पडली, हा या चरित्राचा गाभा आहे.

मराठी वाचकाच्या मनात त्रिनिदाद आहे, पण क्रिकेटच्या वाटेने आलेले. मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदाच हरवले. दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा काढल्या, सुनील गावसकरांनी पदार्पणातच ६५ आणि नाबाद ६७. हा धावफलक आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. त्या मैदानाबाहेरचा देश तेव्हा कोणत्या अवस्थेत होता हे मात्र फारसे कोणी सांगितलेले नाही. आदल्याच वर्षी तिथे हजारो तरुण रस्त्यावर उतरले होते, लष्कराच्या एका गटाने बंड केले होते, आणीबाणी पुकारली गेली होती. दोन महिन्यांवर आलेल्या निवडणुकीवर मुख्य विरोधक बहिष्कार टाकणार होते. पंधरा वर्षे सत्तेवर असलेले विल्यम्स तेव्हा स्वतःच्याच लोकांपुढे आरोपीसारखे उभे होते.

हे समजायला थोडे मागे जावे लागते. त्रिनिदाद हे बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून आहे. तीनशे वर्षे ते स्पेनकडे होते, १७९७ मध्ये ब्रिटिशांनी ते घेतले. शेजारचे टोबॅगो त्याला १८८९ मध्ये जोडले गेले. ऊस आणि साखर हा तिथल्या मळेवाल्यांचा धंदा, आणि त्यासाठी राबणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतरही ‘उमेदवारी’ या नावाखाली सक्तीचे काम चालू राहिले आणि १८३८ मध्ये ते थांबले. ब्रिटिश संसदेने नुकसानभरपाईपोटी दोन कोटी पौंड मंजूर केले. ते मिळाले मालकांना. मुक्त झालेल्या माणसांना त्यातला छदामही मिळाला नाही.

मजूर मळे सोडून गेले तेव्हा मालकांनी नजर वळवली हिंदुस्थानाकडे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले सव्वादोनशेच्या आसपास लोक घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला पोचले. पुढे १९१७ पर्यंत जवळजवळ दीड लाख माणसे अशी गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रास बंदरातून गेलेली. पाच वर्षांचा करार, मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर परवाना, कामावर न गेल्यास तुरुंग. या पद्धतीविरुद्ध मार्च १९१२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ठराव मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला, पण पाच वर्षांत ती भरती थांबलीच. त्रिनिदादच्या कहाणीत महाराष्ट्राचा धागा आहे तो असा. १९६० च्या सुमारास त्या देशातल्या दर तिघांमागे एकाहून थोडे अधिक लोक या मजुरांचे वंशज होते, आणि आफ्रिकी वंशाचे लोक त्यांच्यापेक्षा फार जास्त नव्हते. विल्यम्स यांच्या राजकारणातली सर्वांत अवघड गाठ हीच आहे.

राष्ट्रपित्यांच्या चरित्रांत एक खोड असते. नायक येण्याआधी सगळा काळोख होता असे दाखवायचे. त्रिनिदादमध्ये तसे नव्हते. कॅप्टन सिप्रियानी यांनी १९२०-३० च्या दशकांत कामगारांना संघटित केले होते. जून १९३७ मध्ये फायझाबादच्या तेलपट्ट्यात उरिया बटलर या कामगार पुढाऱ्याला पकडायला पोलीस गेले, तिथून पेटलेला संप बेटभर पसरला. १९४६ मध्ये प्रौढ मताधिकार मिळाला. जमीन नांगरलेली होती. तिथे उणीव होती ती एका शिस्तबद्ध पक्षाची आणि सगळ्यांना जोडून घेणाऱ्या विचाराची.

एरिक यूस्टेस विल्यम्स यांचा जन्म २५ सप्टेंबर १९११ चा. वडील टपाल खात्यात कारकून, घरात बारा भावंडे, त्यांत हे थोरले. वर्ण, पैसा आणि शिक्षण या तीन गोष्टींवर माणसाची पायरी ठरणाऱ्या त्या समाजात पहिल्या दोन या घराकडे नव्हत्या. त्यामुळे सगळा भार तिसरीवर. क्वीन्स रॉयल कॉलेजात त्यांना शिकवायला सी. एल. आर. जेम्स होते, जे पुढे हैतीच्या गुलामक्रांतीचे इतिहासकार आणि क्रिकेटवरचे थोर लेखक म्हणून जगाला माहीत झाले. याच शाळेत फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीने विल्यम्स यांचे कान कायमचे अधू झाले. पुढे काळा चष्मा आणि कानातले यंत्र ही त्यांची खूणच झाली. नको ते ऐकू आले की साहेब यंत्र बंद करतात, असे लोक म्हणत. खरेखोटे काहीही असो, या वदंतेत लोकांचे त्यांच्याविषयीचे एक मत दडलेले होते आणि ते पुढे महत्त्वाचे ठरले.

बेटावरची मोठी शिष्यवृत्ती मिळवून ते १९३२ मध्ये ऑक्सफर्डला गेले. इतिहासात पहिला वर्ग मिळवला आणि १९३८ मध्ये डॉक्टरेट. तिथल्या प्रबंधातूनच वाढत गेलेले ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हे पुस्तक १९४४ मध्ये अमेरिकेत निघाले. तेव्हा ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवत होते. इंग्लंडमध्ये हे पुस्तक छापले जायला १९६४ उजाडावे लागले, म्हणजे लेखक पंतप्रधान झाल्यावर दोन वर्षांनी. या विलंबाचे कारण पुस्तकातच आहे. इंग्रजांनी आपल्या सद्सद्विवेकाला स्मरून गुलामगिरी संपवली, विल्बरफोर्ससारख्या संतांनी ती संपवली, असे ऑक्सफर्डमध्ये रेजिनाल्ड कूपलंड आणि त्यांच्या पंथाचे इतिहासकार शिकवत. विल्यम्स यांनी त्यापुढे हिशेबाच्या वह्या मांडल्या. गुलामांच्या व्यापारातला आणि साखरेतला नफा ब्रिटनच्या बंदरांत, बँकांत, विमाधंद्यात, कारखान्यांत कसा मुरला हे दाखवले. मळ्यांचा तो धंदा उतरणीला लागल्यावरच ब्रिटनला दयेचा पाझर फुटला, असे त्यांचे म्हणणे. आणखी एक विधान त्यांनी केले, जे मला आजही सर्वांत धारदार वाटते: वंशद्वेषातून गुलामगिरी जन्मली नाही, गुलामगिरीतून वंशद्वेष जन्मला. स्वस्त मजूर हवे होते. त्यांना हीन ठरवणारी विचारसरणी मागाहून रचली गेली.

या प्रबंधावर आठ दशके वाद चालू आहे. रॉजर अन्स्टी आणि सीमोर ड्रेशर यांनी १९७० च्या दशकात त्याच्या मुळावर घाव घातला. ड्रेशर यांचे म्हणणे असे की, गुलामांच्या व्यापारावर बंदी आली तेव्हा मळ्यांचा धंदा मुळीच बुडत नव्हता. ब्रिटनने तेजीतला धंदा स्वतःच्या हाताने मोडला, म्हणजे लोकमताचा आणि नीतीचा वाटा खरा होता. या आक्षेपात दम आहे आणि विल्यम्स यांचा ‘उतरणी’चा भाग आज जसाच्या तसा मान्य करणारे इतिहासकार थोडे. दुसरीकडे, गुलामांच्या श्रमाचा ब्रिटिश औद्योगिक वाढीशी असलेला संबंध जोसेफ इनिकोरींसारख्या अभ्यासकांनी अधिक भक्कम केला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये कॅथरिन हॉल आणि सहकाऱ्यांनी त्या दोन कोटी पौंडांची कागदपत्रे धुंडाळून कोणाला किती रक्कम मिळाली हे नावानिशी उघड केले. पुस्तकाची अर्धी बाजू ढासळली, पण उरलेली अर्धी आणखी पक्की झाली असे मी म्हणेन.

आता राजकारणाकडे. हॉवर्ड सोडून विल्यम्स कॅरिबियन कमिशन या साम्राज्यवादी देशांनी चालवलेल्या संस्थेत आले आणि १९४८ मध्ये त्रिनिदादला परतले. नोकरी सांभाळून ते पोर्ट ऑफ स्पेनच्या सार्वजनिक ग्रंथालयात व्याख्याने देत. १९५४ च्या नोव्हेंबरात त्यांचा आणि डॉम बेसिल मॅथ्यूज या विद्वान धर्मगुरूंचा जाहीर वाद झाला, विषय अॅरिस्टॉटलचे शिक्षणविषयक विचार. ऐकायला ही झुंबड. वरवर ग्रीक तत्त्वज्ञान चालले होते, खाली प्रश्न होता तो बेटावरच्या शाळा चर्चच्या ताब्यात राहणार की लोकनियुक्त सरकारच्या, आणि श्रोत्यांना तो अचूक कळत होता.

कमिशनने करार वाढवला नाही. २१ जून १९५५ रोजी विल्यम्स ग्रंथालयाशेजारच्या वुडफर्ड चौकात उभे राहिले. समोर लाल इमारतीत कायदेमंडळ, चौकात हजारो माणसे. कमिशनशी आपले संबंध कसे होते, पत्रव्यवहारात कोण काय म्हणाले, पगार, बढत्या, अपमान, सगळे त्यांनी तारीखवार सांगितले. एका माणसाच्या नोकरीचे गाऱ्हाणे ऐकताना चौकातल्या कारकुनाला, मास्तराला, गोदीकामगाराला ते आपलेच वाटले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रसिद्ध भाषणातली उपमा घेऊन त्यांनी जाहीर केले की आपली बादली आपण आता इथेच, तुमच्यातच सोडणार. त्या चौकाला पुढे ‘वुडफर्ड चौक विद्यापीठ’ म्हटले जाऊ लागले. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत उन्हाळ्याच्या संध्याकाळी जड विषय ऐकायला बसणारी गर्दी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथल्या श्रोत्यांनी व्याख्यात्याला सत्तेवर बसवले. जानेवारी १९५६ मध्ये पीपल्स नॅशनल मूव्हमेंट हा पक्ष निघाला आणि त्याच सप्टेंबरात २४ पैकी १३ जागा जिंकून विल्यम्स मुख्यमंत्री झाले.

पहिली सहा वर्षे झपाट्याची. माध्यमिक शिक्षण मोफत झाले. शाळांबाबत चर्चशी १९६० मध्ये करार झाला, ज्यात दोन्ही बाजूंना मुरड घालावी लागली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने चागुआरामासचा किनारा अमेरिकेला नाविक तळासाठी ९९ वर्षांच्या पट्ट्याने देऊन टाकला होता. तो परत मिळावा म्हणून २२ एप्रिल १९६० रोजी विल्यम्स भर पावसात मोर्चाच्या अग्रभागी चालले. अमेरिकेला वाटाघाटींना बसावे लागले. वेस्ट इंडिजच्या बेटांचे संघराज्य १९५८ मध्ये झाले होते. त्यातून जमैकाने १९६१ च्या सार्वमतानंतर अंग काढून घेतले, तेव्हा दहातून एक गेला की शून्य उरते असे गणित मांडून विल्यम्सही बाहेर पडले. छोट्या बेटांना हे गणित अजून बोचते. चागुआरामासमध्येच १९७३ साली कॅरिबियन देशांच्या समाईक बाजारपेठेचा करार झाला, त्यावर त्यांचीही सही आहे.

भारतीय वंशाच्या लोकांबाबत त्यांचे वागणे सरळ रेषेत कधीच नव्हते. १९५८ च्या संघराज्याच्या निवडणुकीत त्रिनिदादमध्ये त्यांचा पक्ष हरला. भारतीय मते विरोधी पक्षाकडे गेली होती. त्यानंतरच्या भाषणात विल्यम्स यांनी त्या मतदारांना हेकेखोर आणि वैरभावी अल्पसंख्य म्हटले. तो घाव आजतागायत भरलेला नाही. त्याच माणसाने चार वर्षांनी लिहिलेल्या इतिहासात भारतीयांच्या योगदानावर स्वतंत्र प्रकरण घातले, मळ्यांवरच्या जुलुमाचे आकडे दिले, आणि शेवटी म्हटले की इथे कोणालाच भारतमाता, आफ्रिकामाता किंवा इंग्लंडमाता असू शकत नाही, त्रिनिदाद-टोबॅगो हीच सर्वांची आई. मराठी वाचक म्हणून मला या वाक्यातली तळमळ पटते, आणि ते ऐकणाऱ्याची अस्वस्थताही कळते. रामचरितमानस, होसे (म्हणजे तिथला मोहरम) आणि भोजपुरी लग्नगीते एवढ्याच शिदोरीवर ज्यांनी मळ्यातली पिढ्यानपिढ्यांची वर्षे काढली, त्यांना आधीची आई विसरायला सांगणे सोपे नव्हते. विरोधी पक्षनेते रुद्रनाथ कपिलदेव हे गणितज्ञ, व्ही. एस. नायपॉल यांचे मामा. १९६२ मध्ये लंडनच्या घटना परिषदेत त्यांनी आणि विल्यम्स यांनी तोडगा काढला म्हणून स्वातंत्र्य रक्तपाताविना आले. शेजारच्या गयानात तेव्हा वंशावरून चाललेला हिंसाचार पाहिला म्हणजे या तोडग्याचे मोल कळते.

मग १९७० साल. फेब्रुवारीत विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि बघता बघता त्याची ब्लॅक पॉवरची चळवळ झाली. बँका, तेल, साखर परक्यांच्या हातात आणि काळ्या तरुणाला नोकरी नाही, मग स्वातंत्र्य कसले, हा त्यांचा सवाल. या तरुणांच्या हातात विल्यम्स यांचीच पुस्तके होती. १२ मार्चला ते पोर्ट ऑफ स्पेनहून ऊसपट्ट्यातल्या कारोनीपर्यंत चालत गेले, आफ्रिकी आणि भारतीय मजुरांनी एक व्हावे म्हणून. जे जोडकाम पंतप्रधानांना साधले नव्हते त्याला हात घालायचे धैर्य या पोरांनी दाखवले. २१ एप्रिलला आणीबाणी आली, पुढारी पकडले गेले. त्याच दिवशी रफीक शाह आणि रेक्स लासाल या तरुण अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली सैन्याच्या तुकडीने बंड केले. ते फसले. पुढच्या वर्षी बहिष्कारामुळे सर्वच्या सर्व ३६ जागा विल्यम्स यांच्या पक्षाला मिळाल्या, पण मतदानाला आले जेमतेम एक तृतीयांश लोक. गुरूने शिकवले, शिष्यांनी ते खरे मानले, आणि शिष्य उत्तर मागायला आले तेव्हा गुरूला ऐकू आले नाही. विल्यम्स यांच्या आयुष्याचे मर्म मला इथे सापडते.

त्यांनी सप्टेंबर १९७३ मध्ये निवृत्ती जाहीर केली. तेवढ्यात जगभर तेलाचे भाव कडाडले, तिजोरी भरू लागली आणि डिसेंबरात त्यांनी निर्णय फिरवला. त्या पैशातून पॉइंट लिसासचा उद्योगपट्टा उभा राहिला, साखर कंपनी सरकारने घेतली, १९७६ मध्ये देश प्रजासत्ताक झाला. भ्रष्टाचाराच्या कहाण्याही याच काळातल्या. विल्यम्स एकेक जुना सहकारी गमावत घरातल्या घरात मिटत गेले आणि २९ मार्च १९८१ रोजी पंतप्रधानपदावर असतानाच वारले.

त्यांच्यावरचे लेखन ढोबळपणे तीन वाटांनी गेले आहे. पहिली वाट सहकारी आणि दुरावलेल्या मित्रांची. तिचे सर्वांत जळजळीत उदाहरण म्हणजे पक्षाचे वृत्तपत्र चालवून १९६० मध्ये बाहेर पडलेले त्यांचे शाळेतले शिक्षक जेम्स. दुसरी समाजशास्त्रज्ञांची. आयव्हर ओक्झाल आणि सेल्विन रायन यांनी वर्ण, वर्ग आणि पक्ष यांचे गणित उलगडले. रायन यांनी तर उतारवयात पुन्हा या माणसाकडे वळून त्याच्याभोवतीची दंतकथा आणि माणूस वेगळे करायचा मोठा प्रयत्न केला. तिसरी वाट कॉलिन पामर यांच्यासारख्या इतिहासकारांची. त्यांनी विल्यम्स यांना एका बेटाच्या चौकटीतून काढून सगळ्या कॅरिबियनच्या घडणीत बसवले. शिवाय विल्यम्स यांचे आत्मचरित्र आहेच. १९६९ चे हे पुस्तक स्वतःच्या शिक्षणाबद्दल भरभरून बोलते आणि इतर बऱ्याच गोष्टींबद्दल गप्प राहते.

आज त्यांना वाचायचे कारण सरळ आहे. कॅरिबियन देशांनी २०१३ मध्ये एकत्रितपणे गुलामगिरीच्या भरपाईचा दावा युरोपपुढे मांडला, त्याचा वैचारिक पाया १९४४ च्या त्या पुस्तकात आहे. २०२२ मध्ये ते ब्रिटनमध्ये नव्याने निघाले आणि जोरात खपले. भारतीय वंशाचे बासदेव पांडे १९९५ मध्ये आणि कमला प्रसाद-बिसेसर २०१० मध्ये पंतप्रधान झाल्या तरी त्रिनिदादमधले मतदान अजून बरेचसे वंशाच्या रेषेवरूनच जाते. आणि वसाहतीतून सुटलेल्या देशाने इतिहास कोणी लिहावा, कोणासाठी लिहावा, हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे.

या पुस्तकात विल्यम्स यांची प्रकाशित भाषणे, त्यांचे ग्रंथ आणि त्यांच्यावरचे लेखन समोर ठेवून आयुष्य सलग सांगितले आहे. तीन विवाह आणि कौटुंबिक बाबी जिथे सार्वजनिक जीवनाला भिडतात तेवढ्याच घेतल्या आहेत. अर्थशास्त्रातला वाद सोपा करताना त्यातली खडी काढून टाकलेली नाही, कारण विल्यम्स यांनी चौकातल्या माणसालाही ती चावायला दिली होती. भारतीय वंशाच्या लोकांची बाजू वेगळ्या प्रकरणात कोंडण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर आणली आहे. १९७० चा भाग इतर चरित्रांच्या मानाने लांबला आहे आणि तो मुद्दाम लांबू दिला आहे. कॅरिबियनची काहीच ओळख नसलेल्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. त्या तरुणांचे प्रश्न मनात घेऊन मागे गेले की १९५५ चा चौक आणि १९४४ चे पुस्तक अधिक नीट वाचता येते.